रेषेच्या अलीकडची मुंबई

शुक्रवार

कोल्हापूरचा माणूस फुटबॉल बघायला मुंबईला निघालाय म्हटल्यावर महालक्ष्मी एक्स्प्रेसमधला शेजारी माझ्याकडं बघतच राहिला. "आपल्याकडं काय कमी हाय व्हय?" म्हणाला. कमी काहीच नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच लागली की निम्म्या शहराचं दुपारनंतर कामात लक्ष नसतं. हलगी वाजते, गुलाल उडतो आणि पोलिसांचा बंदोबस्त प्रेक्षकांच्या आधी येऊन प्रेक्षकांच्या नंतर जातो. पण माझ्या डोक्यातलं पहिलं मैदान शाहू स्टेडियम नव्हतंच. ते होतं मुंबईचं कूपरेज, आणि तेही न बघितलेलं. परळचा मामा दर मे महिन्यात गावी यायचा आणि रात्री अंगणात पडल्या पडल्या तिथल्या रोव्हर्स कप या जुन्या फुटबॉल स्पर्धेच्या मॅचा सांगायचा. त्यात गोल कमी आणि बाकीचंच जास्त. कुठं बसलो, शेजारी कोण होतं, बाहेर गेलेला बॉल कुणी आणला, हाफ टाइमला काय खाल्लं. आता मामा पंचाहत्तरीला टेकलाय आणि गुडघे बोलायला लागलेत. त्याच्याबरोबर ती मैदानं एकदा पायी फिरायची, एवढाच बेत.

मामीच्या हातचे पोहे खाऊन निघालो. टॅक्सीचं नाव काढल्यावर मामा करवादला. "मैदानं एकाला एक लागून आहेत लेका. ती चालल्याशिवाय कळत नाहीत."

खरंच आहे ते. सीएसएमटीला उतरून आझाद मैदानात शिरलं, फॅशन स्ट्रीटचा रस्ता ओलांडला की क्रॉस मैदान, मग ओव्हल आणि ओव्हलच्या दक्षिण टोकाला कूपरेज. इंग्रजांनी किल्ल्यासमोरचा हा सगळा पट्टा मोकळा ठेवला होता, तोफांच्या माऱ्यात आडोसा नको म्हणून. किल्ल्याचा तट गेला, रस्ते आले, पट्ट्याचे तुकडे झाले. त्या तुकड्यांवर आज मुंबईचं क्रिकेट आणि उरलेल्या जागेत मुंबईचा फुटबॉल चालतो. उरलेल्या जागेत हा शब्द मामाचा. आझाद मैदानावर क्रिकेटची २२ पिचेस आहेत. एका मॅचचा थर्ड मॅन दुसऱ्या मॅचच्या गलीला पाठ लावून उभा असतो आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. त्यात फुटबॉलवाल्यांनी कुठं घुसायचं? म्हणून फुटबॉलनं पावसाळा धरला. तर तिथंही क्रिकेटवाले कांगा लीग घेऊन हजर.

कूपरेजच्या फाटकाशी मामा थोडा थांबला आणि मग वॉचमनला काहीतरी बोलून आत घुसला. आत शाळेच्या मुलींची मॅच चालू होती. मैदान आता कृत्रिम गवताचं आहे. काठाला बसलो तर बुटात रबराचे काळे कण, चपटे, कांद्याच्या बियांएवढे. मामानं चिमटीत घेऊन बघितले. "चिखल गेला," म्हणाला, आणि त्यात तक्रार होती की समाधान ते कळलं नाही. माझं मत विचाराल तर समाधानच असायला हवं. ऑगस्टमध्ये घोटाभर चिखलात खेळणाऱ्यांच्या गुडघ्यांना विचारा.

रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला. पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंट, आणि पुढं कित्येक वर्षं गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी. कपावर पहिल्यांदा नाव कोरणारा भारतीय संघ म्हणजे १९३७ चा बंगलोर मुस्लिम्स. मग १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस, सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली तयार झालेला संघ. ती पाच वर्षं माझ्या आजोबांनी बघितली, गिरणीची पाळी बदलून घेऊन. आजोबांच्या आठवणीत गोल नाहीत, पाय आहेत. मॅचच्या आधी रेषेबाहेर खेळाडू एका ओळीत खाली बसायचे आणि घोट्यापासून चवड्यापर्यंत कापडी पट्ट्या गुंडाळायचे. बूट फार थोड्यांच्या पायात. कोण पट्टी घट्ट बांधतो, कोण सैल, यावरून म्हातारे प्रेक्षक त्या दिवशी कोण पळणार आणि कोण अंग चोरणार याच्या पैजा लावायचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये थंडीत अनवाणी खेळून भारतानं युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्ला आणि त्यानंतर फेडरेशननं बूट सक्तीचे केले. पट्ट्यांची ओळ बंद झाली.

मामाच्या काळात कंपन्यांचे संघ जोरात होते. टाटा, मफतलाल, पुढं ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया. खेळाडूला नोकरी मिळायची, म्हणजे बहुतेकांचं पोट फुटबॉलवर नाही तर हजेरीपटावर चालायचं. त्याचा काठावर परिणाम असा की प्रेक्षक पेठेचे नसून खात्याचे असायचे. मामाच्या गिरणीतली मंडळी खात्याखात्यानं बसायची. विणकाम एकीकडं, रंगखातं दुसरीकडं, आणि स्वतःच्याच संघाच्या बॅकनं बॉल घालवला की रंगखात्यातून ओरड, "अरे हा तुमच्या खात्यातला!" रेफ्रीला शिव्या कमी, आपल्याच माणसाला जास्त. कोल्हापुरात हे शक्य नाही. आमच्याकडं आपला खेळाडू चुकतच नाही, त्याला कुणीतरी चुकवतो.

कोलकात्याचे संघ आले की मात्र कूपरेजचा रंग बदलायचा. मुंबईत स्थायिक झालेले बंगाली दुपारपासून रांगेत. मामाच्या हापिसातला एक बंगाली कारकून ईस्ट बंगालचा, आणि त्याचा शेजारी मोहन बागानचा. ईस्ट बंगाल जिंकलं की घरी हिल्सा, मोहन बागान जिंकलं की कोळंबी, हा तिकडचा जुना रिवाज. त्यामुळं फायनलच्या आदल्या दिवशी क्रॉफर्ड मार्केटात काय महाग झालंय यावरून मामाची मंडळी बंगाल्यांचा अंदाज काढायची, अशी मामाची थाप. थाप असली तरी मला आवडते. दिलीपकुमार फुटबॉलचा शौकीन होता आणि प्राणनं तर स्वतःचा क्लबच काढला होता. त्या बाजूच्या गोष्टी मामाकडं पोत्यानं आहेत, पण त्यात गोष्टीपेक्षा गर्दीच जास्त, म्हणून सोडतो.

शेवटचा रोव्हर्स २०००-०१ च्या हंगामात झाला. मोहन बागाननं जिंकला, त्यांचा चौदावा. शतक ओलांडलेली स्पर्धा अशी हळूच बंद पडली आणि मुंबईनं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. याचा मला मामापेक्षा जास्त राग येतो.

शनिवार

सकाळी क्रॉस मैदानावर कर्नाटक स्पोर्टिंगच्या बाजूला. जिल्हा लीगची खालच्या डिव्हिजनची मॅच, प्रेक्षक म्हणजे आम्ही दोघं, खेळाडूंचे दोन-तीन बाप आणि एक कुत्रं.

रेषा मारण्याचं काम अजून चालू होतं. माळ्याच्या हातात पत्र्याचा डबा, बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं, आत चुन्याची फक्की. एका टोकाला खुंटी, तिला सुतळी, दुसरं टोक पोराच्या हातात. माळी वाकून डबा हलवत हलवत मागं सरकत होता आणि सुतळीच्या कडेनं पांढरी रेघ उमटत होती. कॉर्नरपाशी क्रिकेटचं पिच आडवं येतं, तिथं तो थांबला, पिचवर फक्की पडू नये म्हणून दोन हात जागा मोकळी सोडली आणि पलीकडून पुन्हा सुरू केलं. म्हणजे टचलाइनला तिथं चक्क खंड आहे. मी विचारलं, बॉल त्या फटीतून गेला तर? माळी म्हणाला, "लाइन्समनला माहीत असतं." खेळ सुरू झाल्यावर बघितलं, लाइन्समन फटीपाशी आला की दोन पावलं आत घ्यायचा आणि नजरेनंच रेघ पुरी करायचा. कुणी हुज्जत घातली नाही.

असल्या रिवाजांचं पुस्तक कुठंच नाही, पण ते पाळले जातात. बाजूच्या मॅचमधला क्रिकेटचा चेंडू आत आला तर खेळ थांबत नाही. जवळचा खेळाडू तो पायानं बाहेर ढकलतो आणि पुढं पळतो. फक्त गोलीच्या जवळ आला तर गोली तो हातानं उचलून परत फेकतो, कारण मैदानात हात लावायची परवानगी असलेला तो एकटाच, असा इथला विनोदी न्याय. फुटबॉल जाळीवरून रस्त्यावर गेला तर मात्र रेफ्री शिट्टी वाजवतो आणि बदली खेळाडूंपैकी सगळ्यात लहान पोरगा धावतो. तो काल पण तोच, उद्या पण तोच. संघात कुणी त्याच्याहून लहान येईपर्यंत त्याची सुटका नाही.

ते बघून मला श्रूजबरीचा फ्रेड डेव्हिस आठवला. इंग्लंडमधल्या त्या गावाच्या क्लबचं गे मेडो नावाचं मैदान सेव्हर्न नदीच्या अगदी काठावर होतं. बॉल स्टँडवरून गेला की थेट पाण्यात. तर हा डेव्हिस कोरॅकल घेऊन नदीत तयार बसायचा. कोरॅकल म्हणजे हंपीला तुंगभद्रेत फिरते तशी गोल होडी. वाहत जाणारा बॉल काढून आणायचा आणि दर बॉलमागं क्लबकडून थोडे पैसे घ्यायचा. २००७ मध्ये क्लब गावाबाहेरच्या नव्या मैदानावर गेला, तिथं नदी नाही, त्यामुळं होडीचं कामही नाही. मामाला हे सांगितल्यावर त्यानं एकच विचारलं, "किती मिळायचे रे त्याला बॉलमागं?"

हाफ टाइमला लिंबाच्या फोडी मीठ लावून आल्या. एक फोड मामालाही मिळाली, वयाचा मान. मग मामा उठला, गुडघे धरून, आणि मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलमागं जाऊन बसला. मी म्हटलं, इथनंच दिसतंय की. तर म्हणे, "आता आपली पोरं तिकडं अटॅक करणार. गोल जवळनं बघायचा." मुंबईच्या हारवुड लीगच्या फुटबॉल मॅचांना सगळा काठ असाच हाफ टाइमला बाजू बदलायचा. दोन्हीकडचे प्रेक्षक मधेच भेटणार, चार शब्दांची देवाणघेवाण, पैज वाढवायची, पुढं चालायचं. तिकीट नाही, खुर्ची नाही, म्हणून ते जमायचं.

इंग्लंडातही उभं राहून मॅच बघायच्या काळात हाच प्रकार होता. गर्दी हाफ टाइमला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरकायची. ते बंद पडलं त्याचं एक मोठं कारण फार वाईट आहे. मारामाऱ्या वाढल्या तसे दोन बाजूंच्या प्रेक्षकांत आडवे कठडे आणि मैदानासमोर जाळ्या आल्या. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर त्याच जाळ्यांना चेंगरून माणसं मेली, एकूण ९७. पुढच्या वर्षी त्याच्या चौकशीचा टेलर अहवाल आला आणि मोठ्या क्लबांना सगळं स्टेडियम खुर्च्यांचं करणं भाग पडलं. आपल्याकडं १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान मॅचला १६ प्रेक्षक गेले. त्यामुळं "पूर्वी किती मजा होती" हे वाक्य मी जरा जपून बोलतो. शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून बाटल्या आल्या की त्या चुकवत बसलेल्या माणसाला काठाची सगळीच मजा गोड वाटत नाही.

संध्याकाळी अंधेरी. मेट्रोनं आझाद नगरला उतरायचं, क्रीडा संकुल तिथून चालत. मुंबई सिटी क्लबची मॅच. इथं खुर्चीला नंबर, हातात पट्टी, पाण्याची बाटली गेटवर जप्त. मामाची तंबाखूची डबीसुद्धा एका पोरीनं उघडून हुंगून परत दिली. बरं झालं, आत मामा शुद्धीवर राहिला.

जागा मिळाली ती दोन्ही डगआउटच्या, म्हणजे प्रशिक्षक आणि बदली खेळाडू बसतात त्या जागांच्या, बरोब्बर मागं. मोटारीच्या सीटसारख्या गुबगुबीत खुर्च्या, वर प्लास्टिकची कमान आणि पुढं तुटक रेषांचा चौकोन. खुर्च्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर आणि समोर टचलाइनच्या एक मीटर अलीकडंपर्यंत, एवढंच प्रशिक्षकाचं राज्य. पाहुण्या संघाचा प्रशिक्षक सतत बुटाचं टोक रेषेबाहेर ठेवायचा आणि चौथा पंच त्याला आत घ्यायचा. रेषा, पाय, पंच, पुन्हा पाय. मामा मॅच सोडून तेच बघत बसला.

डगआउट ही मुळात ॲबर्डीनची कल्पना. स्कॉटलंडमधल्या पिटॉड्री मैदानावर १९३० च्या दशकात डॉनल्ड कोलमन हे ट्रेनर होते. त्यांना खेळाडूंच्या पायांची हालचाल जमिनीच्या पातळीवरून बघायची होती आणि टिपणवही पावसापासून वाचवायची होती. म्हणून त्यांनी रेषेलगत अर्धवट जमिनीत बुडालेली, छपराची जागा करून घेतली. एव्हर्टनवाल्यांनी ती बघितली आणि आपल्या मैदानावर नेली. आजच्या डगआउटमध्ये बसून पाय दिसतात का ते कोलमनसाहेबांनाच विचारायला हवं. बहुतेक जण टॅबलेटमध्ये बघत होते.

त्या एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर मॅचच्या आधी जुन्या पद्धतीचा झगा घातलेली एक मुलगी मैदानाच्या कडेनं फिरत प्रेक्षकांकडं मिंटच्या गोळ्या फेकायची. पुरुषांचा संघ २०२५ मध्ये तिथून गोदीकाठच्या नव्या स्टेडियममध्ये गेला. आणि जर्मनीत कोलोन क्लबचा तर बोकडच आहे, हेनेस नावाचा. १९५० साली एका सर्कसवालीनं भेट दिला, तेव्हापासून एकामागून एक हेनेस होत आलेत आणि घरच्या मॅचला तो टचलाइनजवळ उभा असतो. कोल्हापुरात बोकड रेषेजवळ उभा केला तर हाफ टाइमच्या आत त्याचा तांबडा रस्सा झालेला असेल.

वेस्ट कोस्ट ब्रिगेड या मुंबई सिटीच्या चाहत्यांच्या गटाची पोरं ढोल बडवत होती, ते चांगलं. पण खेळ थांबला की लगेच डीजे वाजतो, त्यामुळं ढोलवाल्यांना श्वास घ्यायच्या आधीच कुणीतरी त्यांच्या जागेवर येऊन बसल्यासारखं होतं. माझ्या मते भारतीय फुटबॉलमध्ये आज सगळ्यात जास्त गोंधळ लाउडस्पीकर घालतो. प्रेक्षकांनी काय करायचं हे वरून सांगायला लागलं की प्रेक्षक स्वतःहून काही करायचे थांबतात.

याच मैदानावर २०१८ च्या जूनमध्ये मामा भिजला होता. चायनीज तैपेईविरुद्ध भारतानं ५-० जिंकलं तेव्हा इथं जेमतेम अडीच हजार माणसं होती. सुनील छेत्रीनं व्हिडिओ टाकून हात जोडले, शिव्या द्या पण स्टेडियममध्ये येऊन द्या अशा अर्थाचं बोलला, आणि ४ जूनला केनियाविरुद्ध मैदान भरलं. त्याची ती शंभरावी मॅच. पाऊस असा की बॉल पाण्यात अडकून थांबायचा. भारत ३-०, छेत्रीचे दोन. मामानं डोक्यावर घेतलेली दुधाची पिशवी अजून जपून ठेवलीय म्हणतो. मामीच्या म्हणण्याप्रमाणं ती पिशवी तिनं दुसऱ्या दिवशीच कचऱ्यात टाकली.

रविवार

नेरूळच्या डी. वाय. पाटीलला जायचं राहूनच गेलं. तसं ते क्रिकेटचं मैदान. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला तिथं गर्दी लोटली होती खरी, पण गोलाकार स्टँडमधून टचलाइन दुर्बिणीनं शोधायची. काठाच्या गोष्टी तिथं मिळणार नव्हत्या.

त्याऐवजी बांद्रा. नेव्हिल डिसूझा यांच्या नावाचं मैदान आहे तिकडं. मूळचा गोव्याचा, मुंबईत टाटाकडून खेळलेला हा सेंटर फॉरवर्ड. १ डिसेंबर १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानं तीन गोल केले आणि भारत ४-२ जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच, पण मग चार खाल्ले आणि भारत शेवटी चौथा आला. ऑलिम्पिकनंतर सिडनीत ऑस्ट्रेलियाशी पुन्हा गाठ पडली तेव्हा भारत ७-१ जिंकला. मैदानावर खेळणाऱ्या पोरांना मामानं विचारलं, हा नेव्हिल कोण? एकानं गुगल काढलं, दुसरा म्हणाला, "अंकल, स्ट्रायकर था।" बास, एवढं माहीत असलं तरी पुष्कळ झालं, असं मामाचं मत पडलं. माझं नाही. फाटकाशी चार ओळींची पाटी लावायला काय खर्च येतो?

बांद्रा-मालाडच्या ख्रिश्चन वस्त्यांत रिंक फुटबॉल चालतो, त्याची एक मॅच उभ्या उभ्या बघितली. छोटं सिमेंटचं मैदान, कडेनं फळ्या. बॉल फळीवर आपटून परत येतो, त्यामुळं थ्रो-इनची गरजच पडत नाही. चांगला खेळाडू समोरच्याला चकवायला फळीचा उपयोग करतो, स्वतःच फळीवर मारून स्वतःच घेतो. बायका, म्हातारी, पोरं फळीला कोपर टेकून उभी. बॉल कोपराजवळ आदळला तरी कोपर हलत नाही. एका आजीच्या हातात चहाचा कप होता. बॉल आला की ती कप नुसता दोन बोटं वर उचलायची, बोलणं न थांबवता. हा सराव किती वर्षांचा असेल!

रात्री दादरला महालक्ष्मी पकडायला मामा सोबत आला. गाडीला वेळ होता. पुढच्या हंगामात मी कोल्हापूरला येतो, शाहू स्टेडियमवर मला एक काटा किर्रर्र मॅच दाखव, म्हणाला. मी म्हटलं, "ये की. पण आधी ठरव, पाटाकडीलच्या गॅलरीत बसायचं की शिवाजीच्या."

"हाफ टाइमपर्यंत एकीकडं, मग दुसरीकडं."

"मामा, तसं केलंस तर तुला घरी आणायला मला दोन्ही तालमींची परवानगी काढावी लागंल."